टॅक्सीच्या पाटीवरील २१११ आणि सुटलेले शून्य

प्रश्न : चार अंकी संख्येतील अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करत गेल्यास शेवटी ६१७४ येते, असे वाचले होते. परवा स्थानकाबाहेर टॅक्सीच्या पाटीवरील २१११ घेऊन पाहिले, तर २१११ उणे १११२ म्हणजे ९९९ आणि पुढे ९९९ उणे ९९९ म्हणजे शून्य! मग नियम चुकीचा समजावा का? – एक वाचक, दादर

उत्तर : नियम बरोबर आहे, आपल्या हातून एक शून्य सुटले. संख्या शेवटपर्यंत चार अंकीच ठेवायची असल्याने पहिले उत्तर ०९९९ असे लिहावे लागते. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, ९९८१ − १८९९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२ आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. त्यापुढे ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४च देते. चारही अंक सारखे नसले, की फार तर सात वजाबाक्यांत आपण येथे पोहोचतो. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांना हे १९४९ साली आढळले.

कारण पाहू. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढी येते. म्हणजे मूळ संख्या कोणतीही असो, उत्तर केवळ या दोन फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा त्याहून मोठा नाही, त्यामुळे पहिल्याच पायरीनंतर हजारो संख्यांतून अवघ्या ५४ उरतात आणि त्या कागदावर तपासता येतात. मात्र त्या सर्व एकाच ठिकाणी का जमाव्यात, याला याहून सुबक कारण शोधू नये, असे माझे मत आहे. पाच अंकी संख्यांत असे एकच ठिकाण नाही, तेथे आकडे चक्रात फिरत राहतात.

६१७४च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ने भागल्यास ३४३, म्हणजे ७चा घन येतो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव कापरेकरांनीच दिले. शिवाय १८, त्याचा वर्ग ३२४ आणि घन ५८३२ यांची बेरीजही ६१७४च भरते, पण ही गंमत वजाबाकीच्या खेळाशी संबंधित नाही.

तीन अंकी संख्यांत हेच स्थान ४९५चे आहे. २११ घेऊन पाहा. पहिलेच उत्तर ०९९ येईल आणि तेथेही शून्य जपावे लागेल.