बाईंशी वाजलं होतं, आता काय बोलू?

«आमचा वृंदगानाचा गट उभा करणाऱ्या बाई चार महिन्यांपूर्वी गेल्या. त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमात मी बोलावं, असा सगळ्यांचा आग्रह आहे. पण त्या जाण्याच्या आठवडाभर आधी माझं त्यांच्याशी चांगलंच वाजलं होतं, नव्या मुलांना पुढच्या रांगेत उभं करण्यावरून. पुन्हा भेट झालीच नाही. आता सगळे त्यांना देव्हाऱ्यात बसवताहेत. मी बोलले तर ढोंग होईल. आणि गाताना रडू फुटलं तर?»

प्रिय मैत्रिणी,

देव्हाऱ्यात बसवलंत तर ढोंग होईलच. मग बसवू नका. बाईंचा जन्म, शिक्षण, पुरस्कार निवेदक वाचेल. तुम्ही त्यांची गाण्याची वही घेऊन उभ्या राहा. श्वासाच्या जागी पेन्सिलीने केलेल्या बारीक खुणा, खोडून पुन्हा केलेल्या, त्यातली एखादी दाखवा. ती कुणासाठी बदलली होती, ते सांगा. भांडणही सांगा, दोन वाक्यांत. ज्यांच्याशी आपलं कधी वाजलंच नाही अशी माणसं आपल्याला फारशी ठाऊक नसतात, असं माझं तरी मत आहे.

रडण्याचं म्हणाल तर ते थोपवणं आपल्या हातात नसतं. रडू आलं की घशातली स्वरद्वाराची फट उघडी राहू पाहते, आवंढा गिळताना ती मिटावी लागते. या ओढाताणीत गोळा येतो आणि सूर हलतो. म्हणून एकट्याने गाऊ नका, मधल्या रांगेत राहा. लांब ओळीत सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर भगदाड पडतं, म्हणून शेजारचे आळीपाळीने घेतात, हे बाईंनीच शिकवलं असणार. तुम्ही दोन ओळी गप्प राहिलात तरी ऐकणाऱ्याला कळणार नाही. सावरलात की शब्दाच्या मध्येच हळूच शिरा. गाणं अर्धा सूर खाली घ्या, पेटीवर काळी चारच्या पट्टीत असेल तर पांढरी पाचवर. आणि तेच गाणं तालमीत तीन-चारदा रडून गाऊन घ्या.

दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं असेल तर त्याऐवजी एक ओळ गुणगुणा. एवढ्या गळ्यांना गायला लावणाऱ्या बाईंसाठी गप्प उभं राहायचं, हे मला विचित्रच वाटतं.

राहिली नवी मुलं. ती पुढे उभी राहणार की मागे, हे आता तुम्हीच ठरवायचं. पण «बाईंना आवडलं नसतं» किंवा «बाईंनाही पटलं असतं», यातलं काहीही म्हणू नका. जे ठरवाल त्याचं कारण तुमचं तुम्ही द्या.