झोपेत दात खाणं: दाढ काढण्याआधी एवढं करून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकतात, घास चावताना कानापाशी दुखतं, रात्री दात करकरतात असं घरचे सांगतात, आणि सोमवारी दाढ काढायला बोलावलंय. वाचून राहवलं नाही. हे सगळं मी भोगलंय.

मी डॉक्टर नाही, आर्वीकडचा शेतकरी आहे. तोंडावर सूज, ताप किंवा पू असेल तर माझं ऐकत बसू नका, दवाखाना गाठा. तसं नसेल तर सोमवार पुढे ढकला.

माझी खालची उजवी दाढ काढली तेव्हा एक्स-रेमध्ये कीड नव्हती. "दुखते ना, मग काढून टाकू," एवढ्यावर मी तयार झालो. जखम भरली आणि पंधरा दिवसांनी पहाटे पुन्हा तीच कळ, त्याच जागी. मग शेजारच्या दाढेवर संशय गेला. तिचं रूट कॅनल झालं, कॅप बसली, आणि ती कॅप चार महिन्यांत झोपेत फुटली. त्या दवाखान्यात इतक्या चकरा मारल्या, पण एकदाही कोणी गाल दाबून पाहिला नाही, झोपेत दात खाता का हे विचारलं नाही. घरी आई म्हणायची, "पोटात जंत झाले तुह्या." मी जंताच्या गोळ्याही घेतल्या. जंतांमुळे दात खातात याला पक्का पुरावा नाही, हे नंतर कळलं. पैशाचं जाऊ द्या हो, चांगली दाढ गेली. आता भाकर एकाच बाजूनं चावतो, आणि वरची दाढ त्या रिकाम्या जागेत खाली उतरलीय.

शेवटी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. दात आवळल्यावर जबड्याच्या कोपऱ्याशी जो स्नायू टणक होतो, तो त्यांनी बोटानं दाबला आणि माझी कळ तिथंच उठली. दुखणं स्नायूचं होतं, दाढेचं नव्हतंच.

झोपेत मेंदू मधूनच क्षणभर जागा होऊ बघतो, तेव्हा जबडा आवळला जातो. ताण, रात्रीचा चहा, दारू, तंबाखू यानं ते वाढतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही वाढतं, पण त्या मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. घोरता, श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील तर तेही सांगा. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खात असाल तर सोडाच. सुपारीनं दात झिजतात आणि तोंड उघडेनासं होतं, आमच्या गावात अशी पोरं आहेत.

नाईट गार्ड म्हणजे रात्री झोपताना दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कवच. त्यानं सवय जात नाही, दात वाचतात. माझ्या मते माप देऊन बनवलेलंच घ्यावं. गरम पाण्यात धुऊ नका, वाकडं होतं. आणि झाकणाच्या डबीत ठेवा, माझं पहिलं उंदरांनी कुरतडलं.

मला सगळ्यात जास्त गुण आला तो दिवसाची सवय बदलल्यावर. फवारणीचा पंप पाठीवर असताना, कापसाची गाडी मोजमापाच्या रांगेत उभी असताना माझे दात एकमेकांवर गच्च बसलेले असायचे, मला पत्ताच नसायचा. खरं तर जेवणाखेरीज दात एकमेकांना टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. मी मोटरसायकलच्या आरशावर सौ.ची लाल टिकली चिकटवली. ती दिसली की जबडा सैल सोडायचा. दोन-तीन महिने लागले, पण सकाळचं ठणकणं बरंच उतरलं. सगळ्यांना एवढ्यानं जमेल असं नाही.

आज रात्री झोपण्याआधी दोन्ही गालांवर बोटं ठेवून दात आवळा, मग सैल सोडून तोच भाग दाबून बघा. तुमची ओळखीची कळ तिथं उठली, आणि दुखणं सकाळी जास्त, दुपारपर्यंत कमी होत असेल, तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. एक्स-रेची फिल्म मागून घ्या आणि दाढेला हात लावू देण्याआधी दुसऱ्या दातांच्या डॉक्टरांना दाखवा.