चहा सोडला, वडापाव सोडला, तरी महिनाअखेरीस काहीच का उरत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २७, हातात पगार २६,०००, बदलापूरला भाड्याची खोली, नोकरी मुंबईत, घरी दरमहा ५,००० पाठवता. दोन वर्षांपासून लॅपटॉप घेऊन एक कोर्स करायचाय, पण पैसा उरत नाही आणि वेळही मिळत नाही. चहा-वडापाव बंद करून झालं. गणपतीला गावी जाताना आणि खोली बदलताना क्रेडिट कार्ड घासलं, त्याचे १८,००० अजून बाकी आहेत, तेव्हापासून फक्त ‘मिनिमम’, म्हणजे बँकेने ठरवलेली कमीत कमी रक्कम, भरताय.

आधी चहाचं बघू. १२ रुपयांचे दोन कटिंग, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६२४ रुपये. आता कार्डाचं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा (नेमका आकडा तुमच्या स्टेटमेंटवर असतो, शोधा). १८,००० वर ६३० रुपये झाले. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७४३. तुम्ही सोडलेला सगळा चहा बँक पिते आणि वर बिस्किटंही खाते. मिनिमम साधारण बाकीच्या पाच टक्के असतं, म्हणजे ९०० रुपये. त्यातून मुद्दल फिटतं दीडशेच्या आसपास. आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं: मागची बाकी असताना कार्डावर नवीन काही घेतलं, तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. म्हणून ते कार्ड आजपासून कपाटात. फोनमधल्या ॲपमध्ये साठवलेलं असेल तर तिथूनही काढा, नाहीतर कपाटाला काही अर्थ नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. ते १८,००० हॉटेलात, कपड्यांत गेलेले नाहीत. गणपती आणि खोलीचा करार. या दोन्ही गोष्टींच्या तारखा वर्षभर आधी माहीत असतात! भाद्रपद दरवर्षी येतो आणि अकरा महिन्यांचा करार अकराव्या महिन्यातच संपतो. तरी आपण दरवेळी ‘अचानक खर्च आला’ म्हणतो.

मी हे शहाणपणाने बोलत नाहीये. २०११ च्या जूनमध्ये मुलीची शाळेची फी भरायला माझ्या दोन बांगड्या एका पतसंस्थेत गहाण ठेवल्या होत्या. सोडवायला चौदा महिने लागले. फी काय, दर जूनमध्ये येतेच की. त्या दिवाळीत फराळाचा पसारा आवरल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. आमच्याकडे त्यावर दुधाचा हिशेब असायचा, रोजच्या चौकटीत ‘१’ किंवा ‘दीड’, खाडा असेल तर फुली. म्हणजे रोजच्या अर्ध्या लिटरचा हिशेब होता आणि वर्षाच्या पन्नास हजारांचा नव्हता. मग एकेका महिन्याचं पान उलटत गेले आणि मागच्या कोऱ्या जागेत त्या-त्या महिन्याचे मोठे खर्च लिहीत गेले. शाळा १४,०००, विम्याचा हप्ता ९,०००, गणपतीला गावी जाणं ८,०००, दिवाळी ७,०००, लग्नसराईतले आहेर ४,०००, उन्हाळ्यात वर्षाचे गहू-तांदूळ-डाळी ९,०००, स्कूटरचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग ३,०००. बेरीज ५४,०००. महिन्याला ४,५००. तेव्हा घरात पगार येत होता २१,०००. म्हणजे आमचा खरा पगार साडेसोळाच होता, आणि आम्ही एकवीसचा समजून जगत होतो.

मग दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं उघडलं, एटीएम कार्ड न घेता. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ४,५०० तिकडे. पहिलं वर्ष मात्र फार जड गेलं, कारण चालू खर्चही करायचा आणि पुढचाही साठवायचा. त्या दिवाळीचा बोनस आम्ही त्यात टाकला म्हणून निभावलं. तुम्हाला बोनस मिळत असेल तर या वर्षी त्याचा मोबाइल घेऊ नका.

तुमची यादी मी अंदाजाने करते, तुम्ही दुरुस्त करा. गणपती-दिवाळीचं येणं-जाणं आणि घरच्यांसाठी काहीबाही ११,०००. कराराची नोंदणी आणि एजंटची दलाली ८,०००. बाइक असेल तर ३,०००. मित्रांची लग्नं २,०००. चोवीस हजार, महिन्याला २,०००. पण आधी कार्ड. कार्डात पगाराच्याच दिवशी ४,००० टाकलेत तर पाच महिन्यांत १८,००० जवळजवळ संपतात, सहाव्याला तीनेकशे उरतील. हे चार हजार कुठून आणायचे ते मला इथून दिसत नाही. भाडं आणि जेवण सोडून तुमचे पैसे कुठे जातात हे तुम्ही लिहिलेलंच नाही. यूपीआयचा मागच्या दोन महिन्यांचा इतिहास काढा आणि ५० ते ३०० रुपयांच्या नोंदी तेवढ्या मोजा. मोठ्या रकमा आपल्या लक्षात राहतात, या राहत नाहीत. रेल्वेचा पास महिन्याचा काढत असाल तर तिमाही काढा, तीन महिन्यांना २.७ महिन्यांचे पैसे पडतात. रक्कम किरकोळ आहे, पण रांगही दोनदा वाचते.

भिशीबद्दल कुणीतरी सुचवेलच. मी बारा वर्षं भिशी लावलीय. दहा जणी, हजार-हजार, चिठ्ठी निघेल तिने दहा हजार उचलायचे. पहिला नंबर लागला तर ते बिनव्याजी कर्ज, शेवटचा लागला तर तुम्ही इतरांना बिनव्याजी दिलेलं. आम्ही आपसात नंबर बदलून घ्यायचो, मला मे महिना लागायचा, जूनच्या फीसाठी. पण एकदा शेजारच्या इमारतीतली एक बाई तिसरी भिशी उचलून खोली सोडून गेली, आणि उरलेल्या नऊ जणींनी सात महिने तिचा हप्ता वाटून भरला. भाड्याने राहणाऱ्या एकट्या मुलाने अनोळखी ऑफिसातल्या भिशीत पडू नये, असं माझं मत. बँकेची बारा महिन्यांची आवर्ती ठेव (आरडी) बरी. पोस्टाची आरडी १०० रुपयांपासून सुरू होते, चांगलीच आहे, पण ती पाच वर्षांची आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही. लॅपटॉपसाठी ती नको.

घाऊक धान्यही तुमच्यासाठी नको. एकदम घेतलं की स्वस्त पडतं हे खरं, पण गहू वाळवून, एरंडेल चोळून कोठीत भरणारं कुणी घरात लागतं. नाहीतर पावसाळ्यात सोंडे आणि टोके होतात आणि तुम्ही मेसमध्येच जेवता.

आता वेळ. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. रात्री साडेआठला घरी पोचलेला माणूस कोर्स करत नाही, कोर्सची फी भरतो. मी स्वतः टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, शिकले ती रविवारी सकाळी सात ते अकरा, बाकी घर झोपलेलं असताना. शनिवारी रात्रीच भाजी चिरून ठेवायची आणि कपडे भिजवायचे, एवढंच त्यामागचं नियोजन. तुम्हीही लॅपटॉप घ्यायच्या आधी दोन महिने मित्राच्या मशिनवर किंवा ऑफिसात परवानगी काढून रविवारचे चार तास बसून बघा. आठातले सहा रविवार बसलात तर चाळीस हजार घालायला हरकत नाही. दोनच बसलात तर ते पैसे वाचले.

घरच्या ५,००० ना हात लावू नका. पण आईला कार्डाचं सांगा. बहुधा तिला वाटतंय की मुंबईत तुमचं बरं चाललंय, आणि गणपतीला तुम्ही नेता त्या पिशव्या बघून ते वाटणारच. या वर्षी एक पिशवी कमी नेली तरी ती काही म्हणणार नाही.

कार्ड फिटलं की इथेच लिहा, मग लॅपटॉपचं बोलू. लेकीने मागच्या वर्षी वापरलेला, दुरुस्त करून विकतात तसला घेतला. बॅटरी दीड तासात मान टाकते, बाकी बरा चाललाय.