पुण्याला जाण्याआधी एवढं ठरव

भाऊ, एमपीएससीसाठी पुण्याला जातोयस, जरूर जा. पण किती वर्षं, ते निघण्याआधी घरच्यांसमोर बोलून ठेव. आपल्याकडे खानदेशात शेतावर वर्षभरासाठी राहणारा सालदारसुद्धा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाची बोली करतो. अभ्यासाला मात्र कोणी मुदत घालत नाही. मग तिशी उलटते आणि 'पुढची जाहिरात येऊ दे' एवढंच उरतं.

जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांना सरकारी अधिकारी होता आलं असतं. ते सोडून १९६३ मध्ये त्यांनी जळगावात ७,००० रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू केला; ज्यासाठी ते ओळखले जातात ते ठिबक सिंचन फार पुढचं. लोक ही गोष्ट जिद्दीसाठी सांगतात. मला त्यातलं रॉकेल महत्त्वाचं वाटतं. जे खपत होतं ते आधी विकलं, बाकीचं हळूहळू सुचत गेलं.

म्हणून म्हणतो, रावेरच्या केळी व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम मिळतंय, तर एक हंगाम कर. गाडी भरणं, वजन, उधारी, दुपारी भाव फिरला की शेतकऱ्याची समजूत काढणं, हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

पैशाचं म्हणशील तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत बुलेटचा हप्ता नको. (मित्र हसतील, हसू देत.) कापणीला आलेली बाग जूनच्या वादळात एका रात्रीत आडवी झालेली तू घरीच पाहिलीयस.

आणि वडिलांकडून महिन्याला किती घेतोस, तो आकडा वहीत लिहीत जा. फेडायचा म्हणून नाही, तुला माहीत असावा म्हणून.