'आल' : मासा, क्रियापद आणि एक फसवे सूप

जर्मन शिकणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, 'झिश इन देअर झोने आलेन' म्हणजे उन्हात निवांत पडून राहणे, या प्रयोगातील 'आलेन' या क्रियापदाचा 'आल' नावाच्या माशाशी काही संबंध आहे का. संबंध आहे, आणि तो अगदी सरळ आहे. 'आल' म्हणजे आपल्याकडे ज्याला वाम किंवा अहिर म्हणतात त्या जातीचा सापासारखा लांब, बुळबुळीत मासा. त्याच्यासारखे अंग सैल सोडून, लांब होऊन पडणे म्हणजे 'आलेन'. मराठीत आपण 'ताणून देतो', पण त्यात झोप अभिप्रेत असते. 'आलेन'मध्ये झोपेपेक्षा सुखाने लोळणे अधिक आहे.

इंग्रजीतील 'ईल' हे याचेच भावंड. जर्मनमध्ये मेंढी 'शाफ' आणि झोप 'श्लाफ', तर इंग्रजीत 'शीप' आणि 'स्लीप'. 'आल' आणि 'ईल' यांतील स्वरभेद त्याच नियमाने झालेला आहे. जर्मानिक कुळाच्या पलीकडे मात्र या शब्दाचे मूळ कोणते, याबाबत व्युत्पत्तिकारांचे एकमत नाही. लॅटिनमधील 'अंग्विल्ला' हा सापवाचक शब्दापासून आलेला असून त्याचे घराणे वेगळे आहे. 'एल्शेन', म्हणजे शब्दशः 'छोटा आल', हा शब्द पिकांच्या मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींसाठीही वापरतात, हे कळल्यावर आपल्या 'अळी'शी नाते जोडण्याचा मोह मलाही झाला होता. पण हे साम्य योगायोगाचेच समजावे.

माणसाला 'आलग्लाट', म्हणजे आलासारखा गुळगुळीत, म्हटले की तो कशातच न सापडणारा, गोड बोलून निसटणारा ठरतो. ही स्तुती नव्हे. पूर्वीच्या जर्मन नौसैनिकांच्या बोलीत टॉर्पेडोलाही 'आल' म्हणत, आणि पाण्याखालून सरकणारी ती लांबट नळी डोळ्यांसमोर आणली की वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. घोड्याच्या पाठीवरून शेपटापर्यंत जाणारी गडद रेघ म्हणजे 'आलश्ट्रिश', तीही या माशावरूनच.

हाम्बुर्गच्या 'आलझुपे'बाबत मात्र जपून बोलावे लागते. या सुपातील 'आल' म्हणजे मासा नसून तिकडच्या बोलीतील 'सगळे' या अर्थाचा शब्द आहे, कारण घरात उरलेले सगळे त्यात पडते, असे सांगितले जाते. व्युत्पत्ती चटकदार आहे, म्हणूनच मला ती संशयास्पद वाटते. 'आलेन' नावाच्या शहराच्या चिन्हावर तर चक्क हा मासा आहे. पण नाव माशावरून पडले, की नाव ऐकून मासा चितारला गेला, हे चिन्ह पाहून ठरवता येत नाही.