‘सर्वमान्य’ लिहिण्याआधी

लोकसमजुतींवरच्या तुमच्या लेखाच्या मसुद्यात ‘सर्वमान्य’ हा शब्द फार सढळ हाताने आलाय, तो जरा आवरा. कोणाला मान्य, हे सांगता येत नसेल तर साधं ‘असा समज आहे’ लिहा. ‘समज’ खरं-खोटं काही ठरवत नाही. ‘गैरसमज’ म्हणालात की निकाल दिलात, मग पुरावा देणं तुमच्याकडे लागलं. ऐकीव गोष्ट असेल तर ‘वदंता’ चालेल. ‘अंधश्रद्धा’ मात्र साध्या चुकीच्या माहितीला चिकटवू नका. चीनची भिंत चंद्रावरून दिसते असं मानणारा अंधश्रद्ध नसतो. त्याला कुणीतरी तसं सांगितलेलं असतं, एवढंच.

तज्ज्ञांचं एकमत हे वेगळं प्रकरण. त्याला लोकसमजुतींच्या रांगेत बसवू नका. अर्थात तेही बदलतं. पोटातला अल्सर ताणामुळे आणि जास्तीच्या आम्लामुळे होतो, असं एकेकाळी डॉक्टरही मानत. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८०च्या दशकात त्यामागे जिवाणू असल्याचं दाखवलं. लोक ऐकेनात, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये ते जिवाणू चक्क स्वतः पिऊन पाहिले! दोघांना नोबेल मिळालं २००५ साली. हे उदाहरण दिलंत की ‘बघा, तज्ज्ञ नेहमी चुकतात’ म्हणणारे हमखास येतील. त्यांना विचारा, डॉक्टरांचं मत बदललं ते अफवेने की पुराव्याने?

मसुद्यातला तिसरा परिच्छेद पुन्हा लिहा. शीर्षक चांगलं आहे, राहू द्या.