क्वेरी पाठवलेली फाइल निकालात धरू नका

आरोग्य विम्याचे 3000 रीएम्बर्समेंट क्लेम (पेशंटने आधी बिल भरून नंतर मागितलेले पैसे) तुंबलेत, दोन महिने ओव्हरटाइम चालू आहे आणि आकडा हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रिपोर्टमधला 'निकाली' हा रकाना आधी फोडा. रोज 300 क्लेम येतात, 320 निघतात असं दिसतं. पण त्या 320मध्ये 100 नुसत्या क्वेरी, म्हणजे राहिलेल्या कागदांची पेशंटकडे केलेली विचारणा, असतील, तर खरे निकाल 220च. साठा रोज 80ने वाढतोय. ज्या कार्यालयात हे सगळ्यात महाग पडलं, तिथे क्वेरी गेली की क्लेम तपासणाऱ्या प्रोसेसरच्या नावावर फाइल संपल्याची नोंद व्हायची. मोतीबिंदूच्या साध्या फाइलवर एक जण लेन्सचा स्टिकर मागायचा, आठवड्याने दुसरा कॅन्सल्ड चेक, तिसरा इनडोअर केसपेपर. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी दिसत होत्या! बरं, आलेल्या उत्तरावर क्लेम नंबर नसला की टपाल घेणारे इनवर्डवाले ते वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचे, आणि पेशंटला 'कागद मिळाले नाहीत' म्हणून रिमाइंडर जायचे. हा निव्वळ छळ आहे.

एका क्लेमला एकच क्वेरी, सगळ्या त्रुटींसकट. दुसरी पाठवायची तर टीम लीडची मंजुरी. ते फोल्डर रोज सकाळी आधी रिकामं करा; मोबाइल नंबर आणि ॲडमिशनची तारीख लावली की बहुतेक कागद जुळतात. केसपेपर थेट हॉस्पिटलकडून मागवा, विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024च्या परिपत्रकातही तेच सांगितलंय.

सरसकट 'जुनं आधी' लावू नका, असं माझं ठाम मत आहे. कागद पूर्ण असलेल्या फाइली एका गटाला द्या, सर्वांत जुन्या फाइली दोन अनुभवी माणसांकडे. एकाच ॲडमिशनची मुख्य आणि प्री-पोस्ट (ॲडमिशनआधीची आणि डिस्चार्जनंतरची) बिलं एकाच टेबलावर. कॅशलेसची (जिथे विमा कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते) माणसं मात्र इकडे ओढू नका. तिथे प्री-ऑथला (उपचाराआधीच्या मंजुरीला) 1 तास आणि डिस्चार्जला 3 तासांची मुदत आहे. क्लेमच्या नामंजुरीला विमा कंपनीच्या रिव्ह्यू कमिटीची मान्यता लागते, तेव्हा तिची बैठक आठवड्यातून दोनदा लावून घ्या.

तुमचा टीपीएशी (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेशी) करार आणि मंजुरीच्या मर्यादा मला माहीत नाहीत, त्या तपासूनच हे लावा.

आणखी एक, बँकेतून परत आलेली पेमेंटंही पेंडिंगमध्येच मोजा. देना, विजया या विलीन झालेल्या बँकांचे जुने आयएफएससी अजून फॉर्मवर सापडतात.